सात मैलांवरचा बांबू

किबुचीने मला त्याच्या कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसवलं ते माझ्याच घराचं छप्पर दाखवायला.

"न्योकाबीची आई, नीट बघा आणि सांगा. यातलं तुमचं कुठलं?"

टेबलावर दोन पडदे शेजारी शेजारी होते आणि दोन्हींत आमचं म्वेइगा गाव उंचावरून दिसत होतं. दोन वेगळ्या कंपन्यांनी तयार केलेले हे विमान उडवायचे खेळ. खेळ म्हटलेलं किबुचीला खपत नसे. "विमान निमित्ताला," तो म्हणे, "बघायची ती जमीन." डावीकडच्याला तो फोटोवाला म्हणत असे, कारण त्यातली जमीन आकाशातून काढलेले फोटो जोडून केलेली होती. उजवीकडचा चितारी. त्याला नकाशावरून एवढंच ठाऊक असे की इथे रान आहे, इथे रस्ता, इथे वस्ती. बाकी सगळं तो मनाने रंगवायचा.

फोटोवाल्यात माझं छप्पर गंजलेलं होतं आणि स्वयंपाकघरावर टाकलेला नवा पत्रासुद्धा वेगळा दिसत होता. मात्र दारातलं अव्होकाडोचं झाड लाटण्याने लाटल्यासारखं जमिनीला चिकटलं होतं आणि त्याच्याशेजारी सावली पडली होती ती उभ्या झाडाची. चितारीने मला कौलं दिली होती आणि वर एक धुरांडं, जे आमच्याकडे कधीच नव्हतं. पण त्याचं झाड उभं होतं आणि वाऱ्याने हलत होतं.

"हे घर माझं," मी डावीकडे बोट दाखवलं. "पण झाड मेलंय."

"आणि हे?"

"झाड जिवंत आहे. घर परक्याचं."

त्याने वहीत लिहिलं: छप्पर, डावा आठ, उजवा दोन. झाड, डावा शून्य, उजवा सात.

किबुचीचे वडील एका गोऱ्याच्या मळ्यावर स्वयंपाकी होते. त्या घरातला मोडका रेडिओ पोराने दुरुस्त केला, आणि तेव्हापासून त्याचं आयुष्य रेडिओने धरलं ते धरलंच. पुढे त्याने डेअरीत सव्वीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर मुलीने परदेशातून ही यंत्रं पाठवली आणि तो डोंगर, पाणी, झाडं, उजेड, धुकं यांना गुण देऊ लागला. ते तो इंटरनेटवर लिहीत असे. म्वेइगात त्याला कोणी विचारत नसे, पण फिनलंडमधला एक निवृत्त पोस्टमन त्याला 'सर' म्हणत असे.

"इतर बायकांचे नवरे गुत्त्यात सापडतात," त्याची बायको गाथोनी चहा ठेवता ठेवता म्हणायची, "माझा ढगात. गुत्त्यातून निदान ओढून तरी आणता येतो."

"ढगात नशा चढत नाही गं."

"चढली नसती तर जेवायला तीनदा हाक मारावी लागली असती का, मूगोचे बाबा?"

मलाही हळूहळू त्याची गोडी लागली. एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी टिपून ठेवली होती. दोन्ही पडद्यांवरच्या म्वेइगात माणूस नव्हता. बाजाराच्या मैदानावर फळ्या मांडलेल्या होत्या, विकणारी एकही बाई नव्हती. रस्त्यावर गाड्या धावत होत्या आणि कोपऱ्यावर बरोबर वळत होत्या, त्यांच्या काचांमागे कोणी बसलेलं नव्हतं. किबुचीने कॅमेरा आमच्या चर्चवरून नेला. आवारात फुलं होती, दार बंद होतं आणि घंटेचा दोर हलत होता.

माझे यजमान गाथोगो वैमानिक होते. त्यांची आणि एका भागीदाराची मिळून दोन लहान विमानं होती. धावपट्टीच्या कडेला लाकडाचं एक खोपटं होतं. त्यात रेडिओ, आणि रेडिओपाशी किबुची. पश्चिमेला न्यांदारूआचा डोंगर आडवा पसरलेला. पलीकडे ओल कालौला जायचं तर लहान विमानाला एकच खिंड, सात मैलांवर. खिंडीच्या खाली बांबूचा पट्टा आहे, काळ्या रानात फिकट हिरवा.

खोपट्यातल्या माणसाने 'हवा स्वच्छ आहे' असं म्हणायचं नाही, असा गाथोगोंचा नियम होता. स्वच्छ हे मत झालं. त्याने एवढंच सांगायचं: बांबू दिसतो, किंवा बांबू दिसत नाही. वैमानिक हे दोनदा विचारी. एकदा उडण्याआधी, आणि एकदा तिसऱ्या मैलावर, डेअरीच्या डोक्यावरून जाताना. कारण त्याच्यापुढे दरी अरुंद होते आणि विमान वळवायला जागा उरत नाही.

१४ जुलै १९८३ च्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गाथोगो गुरांच्या लसीची खोकी घेऊन निघाले. त्यांनी दोनदा विचारलं. किबुचीने दोन्ही वेळा सांगितलं, बांबू दिसतो. विमान खिंडीच्या दोनशे फूट खाली डोंगराला लागलं. माणसं पोचायला तिसरा दिवस उजाडला. जुलैत ती खिंड पाच मिनिटांत धुक्याने भरते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चौकशीतही तेच लिहिलं गेलं. किबुचीला कोणी बोल लावला नाही. त्या सकाळबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. इतकी वर्षं आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण होतं आणि ती सकाळ होती.

यंत्रं आल्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की कधीही गेलं तरी दोन्ही पडद्यांवर सात वाजून दहा मिनिटंच झालेली असतात.

"तुझ्याकडे दुपार होत नाही का रे?" मी विचारलं.

"सकाळचा उजेड तपासायला बरा असतो," तो म्हणाला आणि वहीत बघू लागला.

मग एके दिवशी मी उकडलेली अरवी द्यायला गेले. गाथोनी मळ्यात होती. किबुचीची माझ्याकडे पाठ होती. फोटोवाल्यात धावपट्टीच्या कडेवरून डोंगर दिसत होता आणि एक लहान पांढरं विमान त्याच्याकडे चाललं होतं. शेपटीवर दोन निळे पट्टे होते. आमच्या विमानावर होते तसे. आकाश निरभ्र होतं. विमान लहान लहान होत गेलं आणि एका जागी नाहीसं झालं. कशाच्या आड गेलं नाही. फुंकर मारल्यावर दिवा जातो तसं गेलं.

"कुठे गेलं?" मी म्हटलं.

किबुची इतका दचकला की त्याची वही खाली पडली.

"दोष आहे तो," तो म्हणाला. "लांबची विमानं काढायला कॉम्प्युटरला जमत नाही. फोटोवाला सहा मैलांपर्यंत काढतो. चितारी नऊ. त्याच्यापुढे विमान असतं, पण दिसत नाही."

"असतं म्हणजे कुठे असतं?"

"आकड्यांत असतं."

अरवीचं भांडं ठेवून मी घरी आले. मी नको म्हणत असतानाही माझ्या मनाने बेरीज केली. खिंड सात मैलांवर. फोटोवाल्यात गाथोगो खिंडीपर्यंत पोचतच नाहीत. चितारीत ते पार होतात आणि पलीकडे दोन मैल उडत राहतात.

त्यानंतर आठ-दहा दिवस मी तिकडे फिरकले नाही. मग ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी सकाळी किबुचीच माझ्या दारात आला. टोपी हातात होती आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की मला वाटलं त्याची मुलगी परत आली.

"धावपट्टीच्या टोकाला त्या चढावर सरूची झाडं लावली होती ना, ती कोणत्या साली? तुमच्या डायरीत असेल."

"असेल. का रे?"

तो भराभर सांगू लागला. फोटोवाल्यात तो चढ चितारीतल्यापेक्षा उंच आहे. का, ते त्याला दोन वर्षं कळत नव्हतं. काल फिनलंडच्या पोस्टमनने सांगितलं. जमिनीची उंची आकाशातून रडारने मोजतात. ते रडार दाट झाडीतून खाली पोचत नाही, शेंड्यांवरूनच परत जातं. सरू उभे असताना ते मोजमाप झालं. सरू तर कधीच तोडले, पण यंत्राने त्यांचे शेंडे जमीन म्हणून ठेवून घेतले.

"आणि आताची झाडं त्याच्यावर चिकटवली," तो म्हणाला. "मेलेल्या झाडांच्या डोक्यांवर जिवंत झाडं. आता ते सरू त्र्याऐंशीनंतर लावले असतील, तर त्या सकाळी चढ बोडका होता. म्हणजे चितारी खरा."

"चितारी खरा ठरला तर काय होईल?"

तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी उठलो नव्हतो. स्टोव्हवर चहा उतू जात होता. एका हातात फडकं, एका हातात माइक. खुर्चीतूनच सांगितलं, बांबू दिसतो म्हणून. मी बघून बोललो की सवयीने बोललो, ते मला आठवत नाही. चाळीस वर्षं आठवतोय. चितारीत खुर्चीच्या उंचीवरून बांबू दिसतो, न्योकाबीची आई. फोटोवाल्यात तो चढ आड येतो. त्या जागी जाऊन बघावं तर आता तिथे तीन मजली लॉज उभं आहे. म्हणून विचारतोय, झाडं कधीची?"

चौकशीत हे कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "गुरुवारी येते. शोधून ठेवते."

कॉन्व्हेंटमध्ये पाचवीत असल्यापासून मी रोज एक पान लिहिते. वह्या सालवार ट्रंकेत आहेत. सरू सापडायला वेळ लागला नाही. एप्रिल १९९१, वनखात्याची रोपं, शाळेच्या मुलांनी लावली, दुपारी गार पडली. किबुचीचं बरोबर होतं. वही मिटून मी झोपायला जायला हवं होतं. पण मी त्र्याऐंशीची काढली. ती मी पुन्हा कधीच उघडली नव्हती. १४ जुलैच्या पानावर सकाळच्या दुधाचं माप आहे आणि खाली काही नाही. मी तिथून मागे मागे गेले, गाथोगो जिवंत असलेल्या दिवसांत. ९ मे, सोमवार. माझंच अक्षर:

"किबुचीची तक्रार, खोपट्याची खिडकी फार उंच. खुर्चीत बसलं की नुसतं आभाळ दिसतं. सुताराने माप घेतलं. खालची चौकट जमिनीपासून चार फूट सात इंच. दीड फूट खाली घ्यायची. गाथोगो म्हणाले, पाऊस संपू दे."

आणि २८ जून: "सुतार आला नाही. खिडकी तशीच."

खुर्चीतून त्याला बांबू दिसणं शक्य नव्हतं. आणि हे त्याला विसरायला झालं असलं, तरी वर उडणाऱ्या माणसाला तेव्हा ठाऊक होतं. काम त्यांनीच लांबणीवर टाकलं होतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. झाडांचं साल तेवढं सांगितलं असतं तर मी खोटं बोलले असं कोणी म्हणालं नसतं. किबुची एकाहत्तर वर्षांचा होता. चितारीला दहा गुण देऊन सुखाने जगला असता. गुरुवारी मी निघाले तेव्हा वही पिशवीत टाकली, पण ती बाहेर काढेन की नाही ते मला ठाऊक नव्हतं.

त्याने माझ्यासाठी जय्यत तयारी केली होती. दोन्ही पडद्यांवर आज चितारीच लावला होता. डावीकडे धावपट्टीच्या कडेवरून दिसणारा डोंगर, उजवीकडे विमानाच्या आतली घड्याळं आणि टेबलाला बसवलेलं, विमान वळवायचं चाक.

"एक्क्याण्णव," मी म्हटलं. "एप्रिल."

त्याने डोळे मिटले. ओठ हलले, बहुतेक प्रार्थना असावी. मग मला डावीकडच्या खुर्चीत बसवलं. "बघा. बरोबर खुर्चीची उंची आहे, मोजून ठेवली आहे. दिसतो ना?"

दिसत होता. बोडका चढ, त्याच्यावर काळं रान, रानावर फिकट हिरवी रेघ आणि वर खिंड. सकाळचं कोवळं ऊन सगळ्यावर सारखं पसरलं होतं. इतकं सुंदर, इतकं रिकामं. एक पाखरू नाही. आणि त्याच वेळी मला कळलं की या चित्रात चूक काय आहे.

"किबुची, खिडकी कुठे आहे?"

"कसली खिडकी?"

"खोपट्याची. तू खोपट्यात बसला होतास."

"खोपटं दोन्हींत नाहीये. मी नुसता डोळा ठेवलाय तिथे."

मी वही काढली. त्याला वाचून दाखवलं, ९ मे आणि २८ जून, एक शब्द न गाळता. गाथोनी चहा घेऊन आली, दोघांचे चेहरे बघितले, कप ठेवले आणि न बोलता गेली. तिला गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

किबुची म्हणाला, "म्हणजे मी बघितलंच नाही."

"नाही."

"साहेबांना माहीत होतं, बसून दिसत नाही ते."

"हो. खिडकी त्यांनीच लांबवली."

"मग मला उठून बघ असं का नाही म्हणाले?"

"तू उठशील असं धरून चालले असतील."

हे बोलल्यावर मला वाटलं, आता हा रडेल किंवा मला घरी जायला सांगेल. तो उठला. कॉम्प्युटर आला होता तो खोका पलंगाखालून ओढला, त्याचा पुठ्ठा कापला. टेप घेऊन फरशीपासून चार फूट सात इंच मोजले आणि डाव्या पडद्यापुढे पुठ्ठा असा चिकटवला की त्याची वरची कड त्या उंचीला आली. मग खुर्चीत बसला. वरच्या फटीतून आभाळाची निळी पट्टी दिसत होती, बाकी काही नाही.

"असंच होतं," तो हळूच म्हणाला. "आत्ता आठवलं. असंच होतं. पाऊस आला की बरं वाटायचं, बघायला काहीतरी असायचं."

त्याने कळफलकावर काहीतरी केलं. पट्टीतला निळा रंग पांढुरका झाला.

"तुम्ही तिकडे बसा. त्यांच्या जागी."

"मला नाही येत रे चालवायला."

"ते आपोआप जाईल. तुम्ही विचारायचं तेवढं विचारा."

मी चाकापाशी बसले. इंजिनाचा आवाज ओळखीचा होता. म्वेइगाची छपरं खाली सरकली. कौलं आणि धुरांड्याचं माझं घरही गेलं. अंगणात कोणी हात हलवायला उभं नव्हतं. समोर डोंगर होता आणि खिंडीतून धुकं उतरत होतं, एखाद्याने भांडं कलतं करावं तसं सावकाश. डेअरीचं छप्पर पुढे आलं.

"तिसरा मैल," किबुची म्हणाला. "विचारा."

मी चाक घट्ट धरलं.

"विचारा, न्योकाबीची आई. पुढे जागा नाही."

गाथोगो लांबलचक विचारत नसत. मी त्यांच्याचसारखं म्हटलं, "किबुची, बांबू?"

माझ्या शेजारी खुर्ची घासल्याचा आवाज आला. तो उभा राहिला होता. पुठ्ठ्यावरून त्याने बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि मग ज्या आवाजात बोलला तो मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. कामावरचा, तरुण माणसाचा आवाज.

"बांबू दिसत नाही. मागे फिरा. पूर्ण डावीकडे."

मी चाक फिरवलं. विमान एका अंगावर झालं. धुकं फाटलं आणि झाडं इतकी जवळून गेली की मी पाय वर घेतले. मग रान संपलं, पिवळं मैदान आलं, धावपट्टी आली. चाक माझ्या हातातून घेऊन विमान त्यानेच उतरवलं. ते खडखडत आलं आणि खोपटं असायला हवं होतं त्या जागेपाशी थांबलं. त्याने इंजिन बंद केलं. पंखा दोनदा फिरून स्थिर झाला. मग चित्र विमानाच्या बाहेर आणलं. पांढरं विमान, दोन निळे पट्टे, उन्हात उभं. गवत हलत होतं.

चितारीने विमानाला दार काढलं आहे, पण ते उघडत नाही. आत माणूसही नाही. किबुचीने याबद्दल दोन गुण कापले होते, मला वहीत दाखवले होते. आम्हा दोघांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी तो उभा होता, मी बसले होते आणि आमच्या दोघांचे डोळे त्या दाराच्या कडीवर होते.

गाथोनी उंबऱ्यात आली. न प्यायलेल्या चहाकडे बघून म्हणाली, "कोणाची वाट बघताय दोघं?"

किबुचीने तिच्याकडे न बघता हात वर केला. रेडिओवर कोणी बोलत असलं की आसपासच्यांना गप्प करायला तो असाच हात करत असे.